आधी छिद्र की आधी शिक्का? दोन शिलिंगच्या एका कांगारूची तपासणी

जुलैतला शनिवार होता. सकाळी साडेआठला चहा घेत असताना फोनवर दोन फोटो आले. पाठवणारा माझ्या मित्राचा मुलगा. मूळचा नाशिकचा, आता नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. तिकडे दुपारचा एक वाजला होता आणि तो टपाल तिकिटांच्या एका मेळाव्यात विक्रेत्याच्या टेबलासमोर उभा होता. "काका, पटकन सांगा, घेऊ का? मागे अजून एक जण हेच बघतोय."

फोटोत ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या मालिकेतलं दोन शिलिंगचं तपकिरी तिकीट होतं. देशाच्या नकाशात उभा कांगारू, खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेली काळ्या गोल शिक्क्याची कमान, आणि मधोमध छिद्रांनी काढलेली दोन मोठी अक्षरं, ओ आणि एस, म्हणजे सरकारी कामाच्या तिकिटाची खूण. मी फोटो मोठा केला. माझ्याकडच्या खऱ्या 'मोठ्या ओएस'शी अक्षरांची उंची जुळत होती, छिद्रांची संख्याही जुळत होती. मी लिहिलं, "घे."

त्याने घेतलं. माझ्या एका शब्दावर बऱ्यापैकी पैसे मोजले. दिवाळीला तो पुण्यात आला, तिकीट माझ्या हातात दिलं, आणि अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मी त्याला चुकीचा सल्ला दिला होता. ते मला फार लागलं. म्हणूनच तपासणी जशी झाली तशी, माझ्या चुकीसकट लिहून ठेवतो आहे.

छिद्रं कशासाठी

कचेरीतली तिकिटं घरी जाणं हा जुना रोग. इंग्लंडमध्ये जोसेफ स्लोपरने १८६८ मध्ये टपालखात्याची परवानगी मिळवून यावर उपाय काढला: तिकिटांच्या तावावरच कंपनीची आद्याक्षरं बारीक छिद्रांनी टोचायची. असं तिकीट बाहेर विकता येत नाही, खाजगी पत्रावर लावलं तर लगेच डोळ्यात भरतं. यालाच आपण परफिन म्हणतो. मुंबईतल्या आणि कोलकात्यातल्या व्यापारी कचेऱ्यांनीही हीच युक्ती वापरली, त्यामुळे राणीच्या आणि राजांच्या काळातली भारतीय परफिन आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये पुष्कळ सापडतात. भारत सरकारने स्वतःसाठी मात्र वेगळी वाट धरली. १८६६ पासून तिकिटावर 'सर्व्हिस' हा शब्द छापून घेतला. म्हणून सरकारी तिकीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छापील शब्द येतो, आणि छिद्रांकित सरकारी तिकीट पारखायची आपल्या हाताला सवय नसते.

ऑस्ट्रेलियात वसाहती एकत्र येऊन संघराज्य झालं १९०१ मध्ये, पण सगळ्या देशाची म्हणून सारखी तिकिटं यायला १९१३ चा जानेवारी उजाडला. कांगारू आणि नकाशा हे चित्र त्यावरचंच. अर्ध्या पेनीपासून दोन पौंडांपर्यंत पंधरा किमती. संघराज्याच्या खात्यांना लागणाऱ्या तिकिटांवर त्याच वर्षी ओएस ही अक्षरं छिद्रांनी पाडायला सुरुवात झाली. पहिली अक्षरं मोठी होती, जवळजवळ अर्धं तिकीट व्यापणारी. इतक्या छिद्रांनी कागद दुबळा होतो; माझ्याकडचं चार पेनीचं नारिंगी तिकीट चिमट्याने उचलतानाही भीती वाटते. १९१४ मध्ये अक्षरं लहान केली आणि पुढे १९३१ पर्यंत लहानच राहिली. मग छिद्रं जाऊन ओएस ही अक्षरं छापली जाऊ लागली आणि १९३३ मध्ये ही वेगळी सरकारी तिकिटंच बंद झाली.

म्हणजे मोठ्या ओएसचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती, मला ती पाठ होती, आणि त्या शनिवारी सकाळी मी ती वापरली नाही.

तपासणी

टेबलावर तीन तिकिटं मांडली. एक त्याचं दोन शिलिंगचं. दुसरं माझं चार पेनीचं नारिंगी, मोठ्या ओएसचं, अनेक वर्षांपूर्वी खात्रीच्या संग्रहातून घेतलेलं. तिसरं एक पेनीचं लाल, लहान ओएसचं, सरकारी लिफाफ्याच्या तुकड्यावर चिकटलेलं. हे तिसरं तिकीट बाजारात कोणी फारसं विचारणार नाही, पण माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला शिक्षक तेच आहे. का, ते पुढे येईल.

फोटोवरून मी जे केलं होतं तेच आधी नीट केलं. चार पेनीच्या तिकिटाचा बाराशे डीपीआयचा स्कॅन पारदर्शक कागदावर छापला आणि तो दोन शिलिंगच्या स्कॅनच्या छपाईवर ठेवला. ओ हुबेहूब बसला. एसच्या खालच्या वळणातलं एक छिद्र थोडं आत सरकलेलं दिसलं, केसभर. मुलगा लगेच म्हणाला, "मग खोटंच की." पण एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. छिद्र पाडणाऱ्या यंत्रात सुयांचे अनेक संच शेजारी शेजारी असतात, एका दाबात बरीच तिकिटं टोचली जातात, आणि प्रत्येक संच दुसऱ्याची तंतोतंत नक्कल नसतो. सुई वाकते, बोथट होते, कधी तुटते आणि मग एखादं छिद्र पडतच नाही. ताव उलटा किंवा पालथा घातला तर अक्षरंही उलटी, आरशातल्यासारखी पडतात. हे सगळं खऱ्या तिकिटांवर आढळतं. आकार पार वेगळा असेल तर तिकीट बाद करता येतं. आकार जुळला म्हणून ते खरं ठरत नाही. खोटं करणाऱ्याकडेही खरं तिकीट असतं आणि त्याच्यावरूनच तो सुया बसवतो.

मग भिंग घेतलं.

छिद्र तपासायचं म्हणजे जे तिथे उरलेलंच नाही ते तपासायचं. ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर नंतर छापलेली अक्षरं असतील तर शाई असते, तिचा रंग, तिचा टाइप, ती कागदात कशी मुरली हे पाहता येतं. छिद्रात काहीच नाही. म्हणून त्याच्या काठाकडे वळावं लागतं, आणि काठाला एकच गोष्ट विचारायची: आधी तू पडलास की आधी शिक्का पडला? खऱ्या तिकिटाच्या आयुष्यात क्रम ठरलेला असतो. कागद, छपाई, कडेचे दाते, मग ओएसची छिद्रं, मग खात्याकडे रवानगी, मग लिफाफा, आणि सगळ्यात शेवटी टपालकचेरीतला शिक्का. खोटं करणारा बहुधा साधं, वापरलेलं, स्वस्त तिकीट घेऊन त्यावर छिद्रं पाडतो. म्हणजे त्याच्याकडे शिक्का आधीचा आणि छिद्र नंतरचं. हा उलटलेला क्रम लपवणं कठीण असतं.

माझ्या एक पेनीच्या लाल तिकिटावर हा खरा क्रम उघड दिसतो. शिक्क्याची रेघ एसच्या दोन छिद्रांवरून जाते आणि त्या दोन छिद्रांमधून खालच्या लिफाफ्यावर शाईचे दोन ठिपके पडलेले आहेत. लिफाफ्याचा कागद मात्र अखंड आहे. छिद्रं तिकिटावर आधीपासून होती म्हणूनच शाई त्यातून खाली गेली. तुकड्यावर चिकटलेल्या तिकिटाला कोणी नंतर टोचलं असतं तर लिफाफ्यालाही भोकं पडली असती. असा तुकडा हाताशी असेल तर पाण्यात टाकून तिकीट सोडवू नये. आमच्या पिढीने लहानपणी बादलीत भिजत घालून असे किती पुरावे धुऊन टाकले याची आठवण झाली की वाईट वाटतं.

दोन शिलिंगचं तिकीट सुटं होतं, त्यामुळे लिफाफ्याची साक्ष गेली होती. पण शिक्क्याची कमान ओच्या तळाशी दोन छिद्रांना छेदून जात होती. खऱ्या क्रमात धातूचा शिक्का आपटला की शाई छिद्राच्या ओठावरून आत उतरते, काठाचे तंतू काळे होतात. चार पेनीच्या नारिंगी तिकिटावर ते दिसतं. इथे भिंगाखाली कागदाचा छेद पांढरा होता. शाईची रेघ ओठापर्यंत येऊन सुरीने कापल्यासारखी थांबत होती आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होत होती. मागच्या बाजूला छिद्रांभोवती कागदाची बारीक खरखर उभी होती, बोटाला लागत नव्हती पण तिरप्या उजेडात दिसत होती. लिफाफ्यावर ओल्या डिंकाने दाबून बसवलेल्या आणि मग भिजवून सोडवलेल्या तिकिटाची अशी खरखर आडवी होऊन जाते.

वर हिंजचा, म्हणजे अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा, एक जुना तुकडा होता. कधी कधी तो सगळा निकाल एका क्षणात लावतो, कारण छिद्र हिंजमधूनही आरपार गेलेलं असलं तर ते संग्राहकाच्या अल्बमात तिकीट येऊन गेल्यावर पडलेलं, याला वेगळा पुरावा लागत नाही. इथे हिंज छिद्रांपासून लांब होता, उपयोग झाला नाही.

इथवर मला नव्वद टक्के खात्री झाली होती. उरलेली दहा टक्के शंका खरी होती, कारण कोरडा शिक्का हलका पडला तर शाई काठावरून खाली उतरतेच असं नाही. मग मी ते केलं जे मुळात सगळ्यात आधी करायला हवं होतं.

काळ्या थाळीत तिकीट पालथं ठेवलं आणि वॉटरमार्कचं, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेलं जलचिन्ह दाखवणारं, द्रव चार थेंब टाकलं. खिडकी उघडी ठेवून, देवघरातली समई दुसऱ्या खोलीत नेऊन. हे द्रव पेट घेतं, विसरू नये. कागद काळवंडला आणि जलचिन्ह वर आलं. मुकुट आणि त्याखाली इंग्रजी ए हे अक्षर. मुकुट अरुंद, एसुद्धा अरुंद.

कांगारूच्या कागदाचा इतिहास जलचिन्हावरून वाचतात. १९१३ च्या पहिल्या कागदावर मुकुट रुंद आणि एही रुंद. १९१५ मध्ये काही किमती दुसऱ्या कागदावर निघाल्या, त्यावर मुकुट रुंद पण ए अरुंद. आणि १९१५ च्याच उत्तरार्धापासून तिसरा कागद आला, मुकुट आणि ए दोन्ही अरुंद. तो पुढे १९२० चं दशक संपत येईपर्यंत चालला. दोन शिलिंगचं तपकिरी तिकीट पहिल्या कागदावर आहे तसंच तिसऱ्यावरही आहे. रंग तोच, चित्र तेच. समोरून बघून कोणी सांगू शकत नाही. पण तिसऱ्या कागदावर छपाई सुरू झाली तेव्हा मोठं ओएस बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. या तिकिटावर लहान ओएस असतं तर काहीच वावगं नव्हतं. मोठं ओएस असूच शकत नाही.

मुलगा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाच मिनिटांचं काम होतं, काका." होतंच. मेळाव्यात त्या विक्रेत्याच्या टेबलावरही थाळी असणार, मागितली असती तर मिळाली असती. मी "घे" लिहिण्याऐवजी "मागून वॉटरमार्क बघ" इतकं लिहिलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. अक्षरांचा आकार जुळल्याचा आनंद मला इतका झाला की तिकिटाची पाठ पाहण्याचं सुचलंच नाही. फोटोवरून मत देणं मी तेव्हापासून थांबवलं आहे.

हेच तिकीट का निवडलं असेल

खोटं करणाऱ्याचा हिशेब समजून घेतला की पुढच्या वेळी कुठे पाहायचं ते कळतं. तिसऱ्या कागदावरचं वापरलेलं दोन शिलिंग भरपूर मिळतं, स्वस्त मिळतं. पहिल्या कागदावरचं महाग. त्यावर मोठं ओएस असेल तर अजून महाग. मोठ्या ओएसचा दुसराही एक उपयोग आहे: ते पाहिलं की घेणारा मनातल्या मनात '१९१३' म्हणतो आणि जलचिन्ह तपासायची गरजच वाटत नाही. छिद्रं स्वतःच तारखेची ग्वाही देतात असं वाटतं. मलाही तसंच वाटलं.

शिक्का मेलबर्नचा होता, त्याचाही आधार वाटला होता. कॅनबेराला संसद १९२७ मध्ये गेली, तोवर संघराज्याचा कारभार मेलबर्नहून चाले, खाती तिथेच. तेव्हा सरकारी तिकिटावर मेलबर्नचा शिक्का अगदी साजेसा. पण साध्या पत्रांवरही तोच शिक्का असे, आणि या तिकिटावर वर्षाचा आकडा उमटलेलाच नव्हता. माझ्या मनाने तो आकडा आपणहून भरून घेतला होता.

यंत्राचा काळ आणि तिकिटाचा काळ जुळतो का, ही तपासणी फक्त ऑस्ट्रेलियापुरती नाही. कॅनडाच्या सरकारी तिकिटांवर ओएचएमएस टोचलेलं असतं, आणि एच या अक्षराच्या उभ्या रेघेत पाच छिद्रं आहेत की चार यावरून दोन प्रकारची यंत्रं वेगळी ओळखतात. पाच छिद्रांचं यंत्र १९२३ पासूनचं, चार छिद्रांचं नंतरचं, १९३० च्या दशकातलं. १९४९ मध्ये छापील अक्षरं आली आणि छिद्रं थांबली. तिथेही नकली छिद्रं भरपूर आहेत आणि तिथेही पहिला प्रश्न तोच.

याच्या अगदी उलट फसवणूकही होते, तीही इथे सांगून ठेवतो. पूर्वी परफिन म्हणजे खराब झालेलं तिकीट असं लोक मानत, अल्बममधून काढून टाकत. त्या काळात महागड्या तिकिटांची छिद्रं कागदाच्या लगद्याने बुजवून, वर रंग लावून ती साधी म्हणून विकली गेली. वॉटरमार्कच्या द्रवात ही बुजवलेली छिद्रं वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात, आणि एका रांगेत वाचली तर अक्षरं लागतात. थाळी बाहेर काढलीच आहे तर तेही पाहून घ्यावं.

परत मेलबर्नला

मी त्याला एक पान लिहून दिलं. काय पाहिलं, कोणत्या क्रमाने, कोणत्या गोष्टीवर निकाल ठरला. सोबत जलचिन्हाचा फोटो आणि दोन्ही तिकिटांच्या छिद्रांच्या काठांचे फोटो. निकालाचं वाक्य एकच ठेवलं: तिसऱ्या जलचिन्हाच्या कागदावर मोठं ओएस. काठांवरच्या शाईची निरीक्षणं खाली पुरवणी म्हणून दिली, कारण त्यांवर वाद घालता येतो. विक्रेत्यावर आरोप करणारा एकही शब्द लिहू नकोस, असं त्याला बजावलं. जुन्या घरातला सबंध संग्रह विकत घेणाऱ्या माणसाच्या हातून अशी तिकिटं नकळत पुढे जाऊ शकतात.

झालंही तसंच. विक्रेत्याने पान वाचलं, स्वतःच्या थाळीत तिकीट ठेवलं, एक मिनिट पाहिलं आणि पूर्ण पैसे परत केले. मग त्याने स्वतःहून त्याच संग्रहातून आलेली, मोठ्या ओएसची आणखी तीन दोन शिलिंगची तिकिटं काढून थाळीत ठेवली. दोन तिसऱ्या कागदावरची निघाली. ती त्याने तिथल्या तिथे विक्रीतून काढली आणि मागे पेन्सिलीने खूण केली.

तिसऱ्याचं जलचिन्ह पहिलं होतं, रुंद मुकुट आणि रुंद ए. शिक्का वरच्या कोपऱ्यात एवढासा, एकाही छिद्राला न लागणारा. हिंज नाही. मागची बाजू भिजवून स्वच्छ झालेली. छिद्रांचे काठ मळलेले आहेत का, हे मुलाने तिथल्या भिंगाखाली पाहिलं. त्याला काही मळलेले वाटले, काही नाही. आकार माझ्या पारदर्शक कागदाशी जुळला, आणि एसच्या खालच्या वळणातलं ते एक छिद्र इथेही केसभर आत सरकलेलं होतं.

त्याच संचाने तीन खोटी तिकिटं टोचली असतील तर हे चौथंही त्याचंच. पण खोटं करणाऱ्याला सुया बसवायला कुठलंतरी खरं तिकीट समोर लागलंच असणार, आणि त्या खऱ्या तिकिटावर ते छिद्र मुळातच सरकलेलं असेल, तर हे तेच तिकीट असू शकतं. विक्रेता आणि मुलगा दोघांनी मिळून ते मेलबर्नच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटी ऑफ व्हिक्टोरियाच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवलं आहे, सोबत माझं पान आणि चार पेनीचा स्कॅन. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. मुलगा दर रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न मीच विचारतो.